जुन्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एखाद्या राज्याचे मत कसे वाचावे: पेनसिल्व्हेनिया, १७९६

१७९६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा राज्यवार तक्ता काढला, की पेनसिल्व्हेनियाच्या ओळीत चार आकडे दिसतात: थॉमस जेफरसन १४, एरन बर १३, थॉमस पिंकनी २ आणि जॉन अ‍ॅडम्स १. आजच्या निवडणुकांची सवय असलेला वाचक यावरून सहज असा अर्थ काढतो की, राज्यातील बहुसंख्य जनतेने जेफरसनला मत दिले, बर थोडक्यात मागे पडला आणि अ‍ॅडम्सला तिथे कोणी विचारलेच नाही. हे तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. जेफरसन आणि बर त्या राज्यात एकमेकांच्या विरोधात उभे नव्हते, अ‍ॅडम्सच्या बाजूची लोकमते जेफरसनच्या बाजूच्या मतांच्या अगदी जवळ पोहोचली होती, आणि एकाही सामान्य मतदाराच्या चिठ्ठीवर या चौघांपैकी कोणाचे नाव असणे अपेक्षितच नव्हते.

अशा ओळी वाचण्याची एक ठरावीक रीत आहे. तक्त्यातील आकडा हा प्रक्रियेचा शेवट असतो, म्हणून तो वाचायला सुरुवात मात्र मुळापासून करावी लागते. त्या वर्षी राज्यात कोणता कायदा होता, कोणी कोणाला मत दिले, ते कसे मोजले गेले, निवडून आलेल्या निर्वाचकांनी (म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या, राज्याने नेमलेल्या माणसांनी) पुढे काय केले आणि काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, कोणता कागद उघडला गेला, हा क्रम सोडला तर आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो. या लेखात १७९६ च्या पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण घेऊन तो क्रम दाखवला आहे. हीच रीत १७८९ पासून १८२० च्या दशकापर्यंतच्या कोणत्याही राज्याला लावता येते, फक्त बाराव्या घटनादुरुस्तीनंतरच्या निवडणुकांसाठी एक फरक लक्षात ठेवावा लागतो, तो पुढे येईलच.

सर्वांत आधी त्या वर्षाचा राज्याचा कायदा पाहावा

अमेरिकेच्या राज्यघटनेने निर्वाचकांची संख्या ठरवून दिली: राज्याचे प्रतिनिधिगृहातील सदस्य अधिक दोन सिनेटर. पेनसिल्व्हेनियाला तेव्हा १३ प्रतिनिधी होते, म्हणून निर्वाचक १५. मात्र ते कसे नेमायचे हे घटनेने पूर्णपणे राज्याच्या विधिमंडळावर सोडले होते, आणि विधिमंडळांनी या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला. १७९६ मध्ये न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांत विधिमंडळच निर्वाचक निवडत असे आणि जनता मतदानच करत नसे. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनात राज्याचे भाग पाडून प्रत्येक भागातून एक निर्वाचक निवडला जाई. पेनसिल्व्हेनिया आणि जॉर्जियात सगळे राज्य हा एकच मतदारसंघ होता आणि प्रत्येक मतदार सर्व निर्वाचकांसाठी मत देत असे. टेनेसीत तर विधिमंडळाने काही माणसे नेमली आणि त्या माणसांनी निर्वाचक निवडले.

त्यामुळे एखाद्या राज्याच्या ओळीत मते विभागलेली दिसली, तर ती विभागणी कुठून आली हे कायदा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. भागवार पद्धतीत विभागणी स्वाभाविक असते. संपूर्ण राज्य एकच मतदारसंघ असताना १५ पैकी १३ एका बाजूला आणि २ दुसऱ्या बाजूला गेले असतील, तर तिथे काहीतरी घडले आहे असे समजून शोध घ्यावा. आणखी एक काळजी अशी, की एका निवडणुकीचा कायदा पुढच्या निवडणुकीला लागू होता असे कधीही गृहीत धरू नये. १८०० साली व्हर्जिनियाने भागवार पद्धत सोडून संपूर्ण राज्याची एकच यादी आणली ती जेफरसनचे एकही मत जाऊ नये म्हणून, तर मॅसॅच्युसेट्सने निवड विधिमंडळाकडे घेतली ती अ‍ॅडम्सचे एकही मत जाऊ नये म्हणून.

भारतीय वाचकाने इथे एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत निर्वाचक मंडळ म्हणजे निवडून आलेले खासदार आणि आमदार असतात. अमेरिकेच्या घटनेने मात्र काँग्रेसच्या सदस्यांना निर्वाचक होण्यास स्पष्ट मनाई केली आहे. निर्वाचक हा त्या एका कामासाठी नेमलेला स्वतंत्र माणूस असतो, आणि म्हणूनच त्याचे नाव महत्त्वाचे ठरते.

तारखांचा हिशेबही याच टप्प्यावर करून घ्यावा. १७९२ च्या केंद्रीय कायद्यानुसार डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सर्व राज्यांतील निर्वाचकांनी आपापल्या राज्यात जमून मत द्यायचे होते, आणि त्यांची नेमणूक त्याआधीच्या ३४ दिवसांत व्हायला हवी होती. १७९६ साली तो बुधवार ७ डिसेंबरला आला आणि पेनसिल्व्हेनियात लोकांचे मतदान ४ नोव्हेंबरला झाले, म्हणजे ही मुदत सुरू होताच. राज्याच्या सर्व काउंट्यांमधील (जिल्ह्यांसारख्या विभागांमधील) निकाल गोळा करून, जुळवून, जाहीर करायला उरले जेमतेम महिनाभर. हा महिना पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मतदार कोण होता आणि त्याने कागदावर काय लिहिले

पेनसिल्व्हेनियाच्या १७९० च्या राज्यघटनेने २१ वर्षे पूर्ण झालेल्या, राज्यात दोन वर्षे राहिलेल्या आणि त्या काळात राज्याचा किंवा काउंटीचा कर भरलेल्या स्वतंत्र पुरुषाला मताधिकार दिला होता. जमिनीची अट नव्हती, त्यामुळे त्या काळाच्या मानाने हा मताधिकार बराच रुंद होता. त्या तरतुदीत वर्णाचा उल्लेख नव्हता, ‘गोरा’ हा शब्द १८३८ च्या राज्यघटनेने घातला. अधिकार रुंद असूनही त्या दिवशी मत द्यायला आलेले लोक पंचवीस हजारांच्या आसपासच होते. राज्याची लोकसंख्या १७९० च्या जनगणनेत चार लाख तीस हजारांच्या वर होती हे लक्षात घेतले, तर ‘राज्याने कौल दिला’ हे वाक्य किती जपून वापरायला हवे ते कळते.

मतदाराला काय करायचे होते हे नीट डोळ्यांसमोर आणावे, कारण सगळ्या गुंत्याचे मूळ तिथे आहे. त्याला एका कागदावर १५ माणसांची नावे द्यायची होती आणि ती हाताने लिहिलेली असावी लागत, छापील चिठ्ठी चालत नसे. जेफरसन किंवा अ‍ॅडम्स असे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. जेफरसनला पाठिंबा द्यायचा तर त्याच्या बाजूच्या पंधरा निर्वाचकांची नावे बिनचूक माहीत असायला हवीत. पेनसिल्व्हेनियातील रिपब्लिकनांची खरी करामत इथे दिसते. (हा रिपब्लिकन पक्ष जेफरसन आणि बर यांचा, आजचा त्याच नावाचा पक्ष १८५४ साली जन्मला.) प्रतिनिधिगृहाचा चिटणीस जॉन बेकली याने हस्तलिखित याद्यांच्या हजारो प्रती तयार करवून राज्यभर, अगदी पश्चिमेच्या काउंट्यांपर्यंत पोहोचवल्या. यादीत लोकांना ठाऊक असलेली माणसे होती: राज्याचे सरन्यायाधीश थॉमस मकीन, क्रांतियुद्धातील सेनानी पीटर म्यूलेनबर्ग, पहिल्या सिनेटमध्ये बसलेले विल्यम मॅक्ले. घरात बसून त्या पंधरा नावांची पुनःपुन्हा नक्कल करणाऱ्या माणसांचा विचार केला की मला या निवडणुकीबद्दल विशेष आदर वाटतो. पक्षसंघटना ही गोष्ट अजून नीट जन्मलीही नव्हती, आणि ती अशी शाईने घडत होती.

विरोधी फेडरलिस्टांची, म्हणजे जॉन अ‍ॅडम्स आणि पिंकनी यांच्या सत्ताधारी पक्षाची, यादी तितक्या जोमाने फिरली नाही. त्यातच फ्रान्सचा राजदूत पिअर आदे याने अमेरिकी सरकारवर टीका करणारे आपले पत्र मतदानाच्या काही दिवस आधी फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’ या वृत्तपत्रात छापून आणले. त्याचा मतांवर किती परिणाम झाला हे मोजता येत नाही, म्हणून निकालाच्या नोंदीत तो कारण म्हणून न लिहिता पार्श्वभूमी म्हणूनच लिहावा. त्याच पार्श्वभूमीत १७९४ चे पश्चिम पेनसिल्व्हेनियातील व्हिस्कीकराविरुद्धचे बंडही येते. ज्या काउंट्यांवर केंद्र सरकारने फौज पाठवली होती, तिथे दोन वर्षांनी सरकारपक्षाला मते पडणे अवघडच होते.

लोकमताचा आकडा वापरताना

मते निर्वाचकांना पडली असल्यामुळे राज्यात ‘जेफरसनची लोकमते’ नावाचा कोणताही मूळ आकडा नाही. पंधरा रिपब्लिकन निर्वाचकांना पडलेले पंधरा वेगवेगळे आकडे आहेत, कारण काही मतदारांनी एखादे नाव गाळले, काहींनी चुकीचे लिहिले, तर काहींनी ओळखीच्या माणसाचे नाव दुसऱ्या यादीतून उचलले. पुढच्या अभ्यासकांनी कधी यादीतील सर्वाधिक मते मिळवणाऱ्याचा आकडा घेतला, कधी सरासरी काढली. दोन ग्रंथांत दोन आकडे दिसले म्हणजे त्यांपैकी एक खोटा असतो असे नाही. आपण आकडा देताना तो कोणत्या रीतीने काढला आहे हे त्याच वाक्यात सांगावे, आणि काउंटीवार तपशील हवा असेल तर अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि टफ्ट्स विद्यापीठ यांनी इंटरनेटवर खुला ठेवलेला ‘ए न्यू नेशन व्होट्स’ हा संग्रह आधी उघडावा. फिलिप लॅम्पी यांनी जुन्या वृत्तपत्रांतून आणि दप्तरांतून अनेक दशके वेचलेले निकाल त्यात आहेत, आणि १७८७ ते १८२५ या काळासाठी इतके बारीक काम दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

देशभरातील लोकमतांची बेरीज करण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. निम्म्याच्या जवळपास राज्यांत लोकांनी मतच दिले नव्हते, मग अशा बेरजेने काहीच सिद्ध होत नाही.

तेरा आणि दोन कसे झाले

आता मोजणीकडे येऊ. दोन्ही याद्यांमधील अंतर काही शे मतांचे होते. काउंट्यांचे निकाल फिलाडेल्फियाला गव्हर्नर थॉमस मिफ्लिन यांच्याकडे येत आणि त्यांवरून ते विजयी निर्वाचक जाहीर करत. राज्याच्या नैर्ऋत्य टोकाची ग्रीन काउंटी त्याच वर्षी वॉशिंग्टन काउंटीतून वेगळी काढलेली होती. अ‍ॅलेगेनी डोंगरांपलीकडच्या या काउंटीचा निकाल वेळेत पोहोचला नाही आणि तो मोजणीत धरला गेला नाही. ती काउंटी रिपब्लिकनांची होती. तिची मते वजा झाल्यावर रिपब्लिकन यादीच्या तळाशी असलेले दोघे फेडरलिस्ट यादीच्या वरच्या दोघांपेक्षा मागे पडले, आणि फिलाडेल्फियाचे माजी महापौर सॅम्युअल माइल्स व लँकेस्टर काउंटीचे लोहव्यावसायिक रॉबर्ट कोलमन हे दोन फेडरलिस्ट निर्वाचक म्हणून जाहीर झाले.

प्रत्येक मतदाराने आपल्या पक्षाची यादी जशीच्या तशी उतरवली असती, तर एका पक्षाच्या सगळ्या निर्वाचकांना सारखीच मते पडली असती आणि निकाल पंधरा विरुद्ध शून्य असाच लागला असता. १३ आणि २ ही विभागणी म्हणजे काही चिठ्ठ्यांत नावे गाळली वा बदलली गेल्याचा थेट पुरावा आहे. संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ असताना अशी विभागणी जिथे दिसेल तिथे प्रत्येक निर्वाचकाची वेगळी मते शोधावीत, कारण खरी माहिती तिथेच असते.

निर्वाचकाची दोन मते

हा टप्पा सर्वांत जास्त काळजीचा आहे. मूळ घटनेनुसार प्रत्येक निर्वाचक दोन व्यक्तींना मत देत असे आणि त्यांपैकी किमान एक व्यक्ती त्याच्या राज्याबाहेरची असणे बंधनकारक होते. अध्यक्षपदासाठी कोण आणि उपाध्यक्षपदासाठी कोण हे लिहिण्याची सोयच नव्हती. देशभरात सर्वाधिक मते, तीही निर्वाचकांच्या निम्म्याहून अधिक, मिळवणारा अध्यक्ष होई आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष. बाराव्या घटनादुरुस्तीने १८०४ मध्ये ही पद्धत बदलली आणि दोन पदांसाठी दोन वेगळ्या मतपत्रिका आल्या. त्यामुळे १८०४ च्या निवडणुकीपासूनचे तक्ते आजच्यासारखे वाचता येतात, त्याआधीचे नाही.

म्हणून ओळ हाती आली की पहिली कसोटी बेरजेची लावावी. मतांची बेरीज निर्वाचकांच्या दुप्पट यायला हवी. पेनसिल्व्हेनियात १४, १३, २ आणि १ मिळून ३० होतात, निर्वाचक १५, म्हणजे सर्वांनी आपली दोन्ही मते दिली. दुसरी कसोटी जोड्यांची. कोणी कोणाची जोडी लावली हे बेरजेवरून दर वेळी ठरत नाही. पेनसिल्व्हेनियात प्रत्यक्षात १३ जणांनी जेफरसन आणि बर, एकाने जेफरसन आणि पिंकनी, तर एकाने अ‍ॅडम्स आणि पिंकनी असे मत दिले. पण समजा, १२ जणांनी जेफरसन आणि बर, एकाने जेफरसन आणि पिंकनी, एकाने जेफरसन आणि अ‍ॅडम्स, आणि उरलेल्या एकाने बर आणि पिंकनी असे मत दिले असते, तरी ओळीतील चारही आकडे तेच आले असते. खरी जोडी कोणती हे निर्वाचकांविषयीच्या समकालीन माहितीवरून ठरते, तक्त्यावरून नाही.

कधीकधी मात्र निव्वळ अंकगणितही पुरते. त्याच वर्षी मेरीलँडच्या दहा निर्वाचकांकडून अ‍ॅडम्सला ७ आणि जेफरसनला ४ मते गेली. सात आणि चार अकरा होतात, निर्वाचक दहाच. एका माणसाला एकच निर्वाचक दोन मते देऊ शकत नाही, तेव्हा किमान एकाने या दोन प्रतिस्पर्ध्यांना मिळून आपली दोन्ही मते दिली असलीच पाहिजेत. दक्षिण कॅरोलिनाच्या आठही निर्वाचकांनी जेफरसन आणि पिंकनी अशी दोन पक्षांची जोडी लावली, कारण पिंकनी त्यांच्याच राज्याचा होता. अशी उदाहरणे पाहिली की पक्षानुसार रंग दिलेले त्या काळचे नकाशे किती दिशाभूल करतात हे ध्यानात येते.

पेनसिल्व्हेनियातील जेफरसन आणि पिंकनी ही जोडी सॅम्युअल माइल्सची. फेडरलिस्ट यादीवर निवडून आलेल्या या गृहस्थाने अ‍ॅडम्सऐवजी जेफरसनला मत दिले. मत असे फुटल्यावर एका संतप्त फेडरलिस्ट मतदाराने फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात लिहिले, की आपण माइल्सना विचार करण्यासाठी निवडले नव्हते, ठरल्याप्रमाणे वागण्यासाठी निवडले होते. घटनेच्या शब्दांत पाहिले तर माइल्सनी कोणताही नियम मोडला नव्हता, निर्वाचकाला बांधून ठेवणारे काहीही त्या मजकुरात नव्हते. पण पंधरा नावे हाताने उतरवून देणाऱ्या मतदाराची अपेक्षाही खोटी म्हणता येत नाही. या दोन समजुतींमधली ओढाताण त्या एका मतात स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते पेनसिल्व्हेनियाच्या ओळीतील ‘१४’ हा आकडा त्यासाठीच वाचावा.

काँग्रेससमोरची मोजणी आणि परिणामाचे माप

निर्वाचकांनी मतांची यादी सही करून, मोहोरबंद करून सिनेटच्या अध्यक्षाकडे पाठवायची असे. ८ फेब्रुवारी १७९७ रोजी दोन्ही सभागृहांसमोर ही प्रमाणपत्रे उघडली गेली. उपाध्यक्ष या नात्याने सिनेटचे अध्यक्ष स्वतः जॉन अ‍ॅडम्सच असल्यामुळे आपल्या विजयाची मोजणी त्यांच्याच हातून झाली: अ‍ॅडम्स ७१, जेफरसन ६८, पिंकनी ५९, बर ३०, आणि बाकीची मते आणखी नऊ जणांत वाटलेली. एकूण निर्वाचक १३८, बहुमतासाठी ७० आवश्यक.

राज्याच्या एखाद्या मताचा देशाच्या निकालावर काय परिणाम झाला असे लिहायचे असेल, तर तो हिशेब मांडूनच लिहावा. ग्रीन काउंटीच्या उशिरामुळे अध्यक्षपद फिरले, असे म्हणणे आकर्षक आहे पण टिकत नाही. ती मते धरली गेली असती आणि पंधराही जागा रिपब्लिकनांना गेल्या असत्या, तर अ‍ॅडम्स ७० आणि जेफरसन ६९ झाले असते. माइल्सचे मत तसेही जेफरसनकडेच होते. अ‍ॅडम्सकडे नेमके बहुमत उरले असते. मात्र व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलिना आणि पेनसिल्व्हेनिया या तीन जेफरसनच्या राज्यांतून अ‍ॅडम्सला प्रत्येकी एकच मत मिळाले, आणि ही तिन्ही मते जेफरसनकडे गेली असती तर ७१ विरुद्ध ६८ हाच निकाल उलटा लागला असता, हे मात्र खरे आहे.

हीच रीत १८०० ला लावून पाहावी

चार वर्षांनी पेनसिल्व्हेनियाच्या ओळीत जेफरसन ८, बर ८, अ‍ॅडम्स ७, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ७ असे आकडे दिसतात. वरवर पाहता राज्य जवळपास दुभंगलेले वाटते. कायदा पाहिला की चित्र बदलते: त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात लोकांनी अध्यक्षपदासाठी मतच दिले नाही. जुना निवडणूक कायदा संपला होता, राज्याच्या विधिमंडळाचे कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांकडे तर त्याचेच वरिष्ठ सभागृह, म्हणजे राज्याचे सिनेट, थोड्या बहुमताने फेडरलिस्टांकडे होते, आणि नव्या कायद्यावर दोघांचे जुळेना. अखेर निर्वाचकांची बैठक दोन दिवसांवर आली असताना, १ डिसेंबर १८०० रोजी तडजोडीचा कायदा झाला. प्रत्येक सभागृहाने आठ नावे सुचवायची आणि संयुक्त मतदानाने त्यांतून पंधरा निवडायचे. आठ आणि सात हे त्या सौद्याचे प्रमाण होते. जनतेचा कल पाहायचा तर आदल्या वर्षीची गव्हर्नरपदाची निवडणूक पाहावी, तीत रिपब्लिकन थॉमस मकीन सुमारे पाच हजार मतांनी जिंकले होते.

नावांची गल्लतही याच दोन तक्त्यांत होते. १७९६ चा पिंकनी म्हणजे थॉमस, १८०० चा त्याचा थोरला भाऊ चार्ल्स कोट्सवर्थ. व्हर्जिनियाच्या १७९६ च्या ओळीत ‘अ‍ॅडम्स १५’ असे दिसले तर ते सॅम्युअल अ‍ॅडम्स, जॉन अ‍ॅडम्सना तिथे एकच मत होते. आडनावावर विसंबू नये, पूर्ण नाव लिहावे.

स्वतःच्या टिपणवहीत किंवा लेखात नोंद करताना मी पुढील घडणीचे वाक्य सुचवेन, कारण त्यात वरचे सर्व टप्पे येतात: “पेनसिल्व्हेनिया, १७९६: संपूर्ण राज्य एकच मतदारसंघ, मतदान ४ नोव्हेंबर, ग्रीन काउंटीचा निकाल न धरता १३ रिपब्लिकन आणि २ फेडरलिस्ट निर्वाचक जाहीर, ७ डिसेंबरला एका फेडरलिस्ट निर्वाचकाचे मत फुटून जेफरसन १४, बर १३, थॉमस पिंकनी २, जॉन अ‍ॅडम्स १.” आणि १८०० साठी: “पेनसिल्व्हेनिया, १८००: लोकमत नाही, विधिमंडळाच्या तडजोडीने ८ रिपब्लिकन आणि ७ फेडरलिस्ट निर्वाचक, जेफरसन ८, बर ८, जॉन अ‍ॅडम्स ७, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ७.”